न पाहिलेल्या सिनेमावरचं भांडण आणि सात सह्या

२२ फेब्रुवारी २०२६ला परभणी जिल्ह्यातल्या सेलूत आमच्या फिल्म सोसायटीचा पहिला खेळ झाला. त्यानंतर जिंतूरहून एकाचा आणि गंगाखेडहून दोघांचा फोन आला. तिघांचा प्रश्न एकच, "नोंदणीच्या कागदपत्रांचं कसं केलं?" फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. आम्हाला वर्ष लागलं. तुम्हाला कमी लागावं, कारण आमच्या वर्षातले निदान तीन महिने निव्वळ आमच्या चुकांचे आहेत.

सुरुवात भांडणातून झाली.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. स्टेशन रोडच्या हॉटेलात टीव्हीवर बजेट चालू होतं. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हटल्यावर हॉटेलात सगळे खूश, ज्यांना वर्षाला तीन लाख सुटत नाहीत तेसुद्धा. तेवढ्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला आमचा दोस्त फोन नाचवत आला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जागतिक सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. सनडान्सला गेलेला हा पहिला मराठी सिनेमा. आमच्या कापसाच्या गावात बोंड म्हटलं की कपाशीचंच डोळ्यांपुढं येतं, त्यामुळं पहिला अर्धा तास 'हे निवडुंगाचं लाल फळ आहे, कापसाचं नव्हे' एवढं समजावण्यातच गेला.

मग वाद पेटला. वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, तिथं भेटलेला लहानपणीचा मित्र, आणि त्या दोघांचं प्रेम, एवढंच आम्हाला वाचून माहीत. बाकी सगळी मदार तिकडं पाहून आलेल्यांच्या दोन-दोन ओळींवर. कोणी 'हळुवार' लिहिलेलं, कोणी 'संथ'. कृषी केंद्रवाला म्हणाला, "बाहेरच्यांना दाखवायला काढलेला पिक्चर हाय, आपल्याला न्हाई." दुरुस्तीवाला म्हणाला, आपल्या मातीतला आहे म्हणून तर जिंकला. जिनिंगमधल्या मामांचा प्रश्न वेगळाच, हा घरच्यांसोबत पाहायचा की एकट्यानं? मी मेडिकल बंद करून यायचो आणि तेल ओतायचो. पहिल्या प्रतिक्रिया कायम गोडच का असतात, यावर तर मी भाषणच द्यायचो. मोठ्या सिनेमांचे पहिले खेळ निमंत्रितांसाठी असतात, दोन ओळी लगेच टाकायची मुभा असते आणि सविस्तर परीक्षण मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत रोखून धरायचं असतं. महोत्सवात तेवढं बंधन नसतं, पण अंधारातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाच्या शब्दांना थोडा कैफ असतोच. हे सगळं ज्ञान कुठून? तेही वाचलेलंच.

महिनाभर हे चाललं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमचे मराठीचे निवृत्त सर शेजारच्या टेबलावरून उठले, पैसे देता देता थांबले आणि म्हणाले, "तुमच्यापैकी पाहिला कोणी?"

कोणीच नाही. आणि आला तरी तो सेलूत लागणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर बसले, आणखी एक चहा मागवला आणि फिल्म सोसायटी म्हणजे काय ते सांगितलं. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता वगैरे तरुणांनी कलकत्त्यात काढलेली सोसायटी, १९५९ साली राय यांच्याच अध्यक्षतेखाली झालेलं देशभरातल्या सोसायट्यांचं फेडरेशन, १९६८ पासूनचं मुंबईचं प्रभात चित्र मंडळ. सभासदांनी वर्गणी काढायची, चांगले सिनेमे मिळवायचे, पाहायचे आणि मग भांडायचं. "क्रम महत्त्वाचा," सर म्हणाले.

९ मार्चला, रविवारी, सरांच्या अंगणात पहिली बैठक झाली. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणीला किमान सात माणसं लागतात. सिनेमावर बोलायला हॉटेलात पंधरा जण असतात, आधार-पॅनची झेरॉक्स मागितली की चार उरतात. शेवटी मी, सर, मामा, दुरुस्तीवाला, कृषी केंद्रवाला, सरांच्या सूनबाई आणि एक बँक मित्र असे सात जमलो. सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत असल्यामुळं त्यांनी आधी वरिष्ठांना लेखी विचारून घेतलं. तुमच्यात कोणी नोकरदार असेल तर हे पहिल्याच आठवड्यात करा. आमचे यात अठरा दिवस गेले. सातही जण एकाच घरातले नसलेले बरे, हा सल्ला आम्हाला परभणीच्या एका वकिलांनी फुकट दिला. बाकीच्या कामाचे त्यांनी बारा हजार सांगितले, म्हणून बाकीचं काम आम्हीच करायचं ठरवलं. औषध दुकानाच्या परवान्याची फाइल मी एकट्यानं केली होती. त्यामुळं कागदांची भीती नाही, असा माझा समज होता.

नावं तीन द्यायची, पसंतीच्या क्रमानं. पहिलं आधीच कोणीतरी घेतलेलं असू शकतं. 'अखिल भारतीय', 'राष्ट्रीय' असले शब्द लावायचा मोह टाळा, त्यावर प्रश्न येतात. कृषी केंद्रवाल्याला 'मराठवाडा' हवं होतं. मामा म्हणाले, "आधी सेलू तर बघू." आम्हाला दुसरं नाव मिळालं.

एप्रिल-मे संस्थेची घटना लिहिण्यात गेले. ज्ञापन आणि नियमावली असे दोन भाग असतात. ज्ञापनात नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची यादी. नियमावलीत सभासद कोण, वर्गणी किती, सभा कधी, गणपूर्ती किती (म्हणजे सभेला किमान किती जण हजर हवेत), हिशेब कोण ठेवणार. संस्था बंद करायची झाली तर तीन पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि ते संस्था सुरू व्हायच्या आधीच लिहून द्यावं लागतं. सूनबाई म्हणाल्या, "लग्नाच्या बैठकीतच काडीमोडाचं बोलल्यासारखं झालं." उद्देश मात्र नीट विचार करून लिहा. नुसतं 'चित्रपट दाखवणे' लिहिलं तर धंदा वाटतो. 'चित्रपटकलेचा अभ्यास, रसग्रहण व प्रसार, ना नफा तत्त्वावर, सभासदांसाठी' अशी वाक्यरचना आमच्या कामी आली.

आमची मोठी चूक इथंच झाली. नमुना म्हणून एका ओळखीच्या शिक्षण संस्थेची घटना आणली होती. दुरुस्तीवाल्यानं ती टाइप करताना नाव बदललं, अर्धे उद्देश बदलले आणि अर्धे तसेच राहिले. सात जणांनी प्रत्येक पानावर सह्या केल्या, वाचलं कोणीच नाही. ते पुढं येतंच.

मेमध्येच आणखी एक अडचण निघाली. मामांच्या आधारवर घरचं नाव, पॅनवर शाळेतलं नाव, आणि सही तिसऱ्याच नावानं. आपल्याकडं दर दोन घरांआड हे असतं. आधारची दुरुस्ती होईपर्यंत साडेचार आठवडे थांबलो. मामा रोज विचारायचे, "माझ्यामुळं अडलं का?" आणि आम्ही रोज नाही म्हणायचो. तुम्ही सात माणसं ठरवली की त्याच संध्याकाळी सगळ्यांची आधार-पॅन एकाशेजारी एक ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

जोडायची कागदं साधारण अशी होती: सातही जणांची संमतिपत्रं, एकाला कामकाजासाठी दिलेलं अधिकारपत्र, कार्यालयाच्या जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल, प्रतिज्ञापत्र, सभेच्या ठरावाची प्रत. प्रतिज्ञापत्राला मी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणला. नंतर कळलं की सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २००४ सालापासूनच माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तो स्टॅम्प पेपर अजून माझ्या गल्ल्याखाली आहे. कोणाला भाडेकरार करायचा असेल तर सांगा.

२४ जूनला ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रत आणि फाइल घेऊन मी आणि सर पॅसेंजरनं परभणीला गेलो. सहायक धर्मादाय आयुक्त हेच संस्थांचे सहायक निबंधकही असतात, म्हणजे संस्था नोंदणी आणि विश्वस्त व्यवस्था या दोन्ही कायद्यांचं काम एकाच छपराखाली. एवढी सोय आहे. दोन आठवड्यांनी, ८ जुलैला, त्रुटी निघाल्या. जागामालकाच्या पत्रासोबत मालकीचा पुरावा नव्हता. आणि उद्देश क्रमांक ९ व ११. समोरच्या क्लार्कनं चष्मा वर करून शांतपणे विचारलं, "सिनेमा दाखवणार म्हणता, मग गोशाळा आणि मुलींचं वसतिगृह कधी काढणार?"

मी आयुष्यात इतका कधी ओशाळलो नसेन. सर खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. परतीच्या गाडीत त्यांनी पूर्ण घटना मला मोठ्यानं वाचायला लावली, आजूबाजूचे प्रवासीही ऐकत होते. मानवत रोडला उतरणाऱ्या एका आजोबांनी गणपूर्तीबद्दल एक सुधारणा सुचवली, ती आम्ही घेतली.

३१ जुलैला नोंदणी प्रमाणपत्र मिळालं. आम्ही पेढे वाटले. इथं पुष्कळ लोक थांबतात आणि फसतात, कारण हे अर्धंच काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली तीन महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करावा लागतो. तो आम्ही १८ ऑगस्टला केला. त्यात मालमत्ता किती, उत्पन्नाचं साधन काय, विश्वस्त कोण ते भरायचं. आमची मालमत्ता तेव्हा एक रजिस्टर, एक गोल शिक्का आणि सभेत जमा झालेले २,१०० रुपये. ते मी जसंच्या तसं लिहिलं. मग जाहीर नोटीस लागते आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबायचं. या तीस दिवसांत काही करायचं नसतं, फक्त आपल्यावर हरकत कोण घेईल याची नावं मनात येत राहतात. मला चौदा नावं सुचली. एकानंही घेतली नाही.

त्याच दिवसांत, १९ सप्टेंबरला, 'साबर बोंडं' थिएटरांत लागला. पहिल्या बातमीपासून साडेसात महिन्यांनी. आम्ही पुण्याला किंवा संभाजीनगरला जायचं ठरवत होतो, मिळून एक गाडी करायचं चाललं होतं. आणि पाऊस लागला. त्या आठवड्यात मराठवाड्यावर काय कोसळलं ते इथल्या कोणाला सांगायला नको. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. कृषी केंद्रवाल्याची उधारी बुडाल्यात जमा होती आणि तो ती मागायलाही जात नव्हता. मामांच्या भावाचं दोन एकर खरडून गेलं. सिनेमा कोणाच्या डोक्यात राहिला नाही. ऑक्टोबरभर आमची एकही बैठक झाली नाही, आणि एकदा तर मला वाटलं की या दिवसांत फिल्म सोसायटीच्या तारखेला परभणीला जाणं हा निव्वळ चोचलेपणा आहे. मामांनीच फोन केला. "तारीख चुकवू नगा. फायलीला पाऊस लागत न्हाई."

तेवढ्यात एक गंमत मात्र झाली होती. दुरुस्तीवाला पाऊस सुरू व्हायच्या आधीच बहिणीकडं पुण्याला गेला होता आणि पहिल्याच दिवशी सिनेमा पाहून आला होता. दिवाळीत आम्ही सगळे त्याच्याभोवती. कसा आहे? ज्या माणसानं फेब्रुवारीपासून आमचे कान खाल्ले होते, तो म्हणाला, "मी सांगनार न्हाई. तुमी बघा, मंग बोलू." आम्ही चिडलो, चहा पाजला, शिव्या दिल्या. पठ्ठ्या हलला नाही. सर म्हणाले, हा आपला पहिला खरा सभासद.

११ नोव्हेंबरला सुनावणी झाली. 'सुनावणी' शब्दानं पोटात गोळा येतो, प्रत्यक्षात दहा मिनिटं लागली. अर्जातला मजकूर खरा आहे का, वर्गणीशिवाय पैसा कुठून येणार, खेळ तिकीट लावून करणार का, एवढंच विचारलं. तिकीट नाही, फक्त सभासद, असं मी सांगितलं आणि तेच आमच्या घटनेत होतं. मूळ कागदपत्रं सगळी सोबत ठेवा, नुसत्या झेरॉक्सवर जाऊ नका. आदेश झाला आणि २ डिसेंबरला नोंदवहीचा उतारा हातात आला. त्यावरच्या क्रमांकाकडं सरांनी बराच वेळ पाहिलं.

त्यानंतर पॅन, १०७ रुपये, दहा-बारा दिवस. मग बँकेत खातं. इथं कोणत्या बँकेचं नाव लिहीत नाही, पण ठरावाचा मसुदा त्यांच्याच नमुन्यात हवा असतो हे आधी विचारून घ्या. आम्ही आमच्या शब्दांत केलेला ठराव दोनदा परत आला. खातं २९ डिसेंबरला उघडलं. इथवर एकूण खर्च ६,८४० रुपये, त्यात सरकारी फी हा सगळ्यांत छोटा आकडा. झेरॉक्स, टायपिंग, नोटरी, शिक्का, प्रवास आणि तो स्टॅम्प पेपर, यातच बाकीचे गेले. आता दरवर्षी हिशेब तपासून द्यायचा आणि कार्यकारी मंडळात फेरफार झाला की बदल अर्ज करायचा. तो न केल्यामुळं जुन्या संस्थांच्या फायली कशा अडकतात, ते त्या कार्यालयाच्या बाकावर बसून भरपूर ऐकलं. फेडरेशनच्या सदस्यत्वाचा अर्ज जानेवारीत पाठवला आहे, त्याची वाट पाहतोय.

आता पहिला सिनेमा कोणता? सगळ्यांना 'साबर बोंडं'च हवा होता. पण दुसऱ्याचा सिनेमा असा उचलून लावता येत नाही, ओटीटीचं खातं जोडून तर मुळीच नाही, ते घरगुती पाहण्यापुरतं असतं. हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांना पत्र लिहावं लागतं. ते लिहिलं आहे. तोवर काय? आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या वर्षानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणून सरांनी थेट दादासाहेब फाळके काढले. १९१९ चा 'कालिया मर्दन'. मूकपट, तासाभराच्या आतला, आणि फाळक्यांच्या सिनेमांपैकी बऱ्यापैकी पूर्ण उरलेला. प्रत इंटरनेटवर आहे, ओरखडे भरपूर.

वर्गणी वर्षाला तीनशे ठेवली. त्रेचाळीस सभासद झाले, म्हणजे १२,९०० रुपये. मुहूर्त नसलेल्या रविवारी मंगल कार्यालय दोन हजारांत मिळालं, प्रोजेक्टर आणि स्पीकर साडेतीन हजारांत. लग्नतिथी बघून तारीख धरा, आम्ही आधी धरलेल्या तारखेला तिथं वरात होती. मूकपटाला आवाज नसतो म्हणून मामांनी त्यांचं भजनी मंडळ आणलं. पखवाज, पेटी, टाळ. तालमीला वेळ नव्हता. मामांनी एवढंच विचारलं, "कृष्ण पान्यात कधी उडी मारतो, ते हातानं खुणवा."

दिवे गेले आणि पडद्यावर फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आली. आधी साध्या रूपात चेहऱ्यावरचे भाव दाखवते, मग तिचाच कृष्ण होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगी हाय की!" सरांनी अंधारातच सांगितलं, सहा वर्षांपूर्वी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती व्हायला बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं ती केली. आता मुलगी कृष्ण झाली. कृष्णानं डोहात उडी घेतली आणि मी खुणवायला विसरलो. पखवाज दोन मापं उशिरा आला. पण आला तो असा, की पुढच्या रांगेतलं एक पोरगं आईच्या मांडीवर चढलं.

खेळ संपल्यावर खुर्च्या उचलायच्या बाजूलाच राहिल्या. मुलीनं कृष्ण करावा का, नाग खोटा दिसला म्हणून बिघडलं का, भजन फार झालं का, यावर कार्यालयाचा वॉचमन दिवे बंद करीपर्यंत चाललं. कृषी केंद्रवाला गेल्या वर्षासारखाच तावात होता, पण या वेळी "ते नागिनी हात जोडतात तिथं" असं बोट ठेवून बोलत होता.

दाराशी अभिप्रायाचं रजिस्टर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये बसून वाचलं. 'पडदा उजवीकडून खाली होता.' 'पुढच्या वेळी पंखे चालू ठेवावेत.' 'नाग नकली. तरी भ्या वाटलं.' 'पखवाज उशिरा, चूक खुणावणाऱ्याची.' हे अक्षर मामांचं. आणि सगळ्यांत खाली दुरुस्तीवाल्याचं, 'पाहिला. उद्या हॉटेलात बोलू.'